आधी मोल, मग लॉग: बफरचा पीएच काढायची रीत

ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातल्या एमआयडीसीत दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ट्रेनींची नवी फळी येते. बीएस्सी किंवा एमएस्सी केमिस्ट्री केलेली, ठाण्याहून ट्रान्स हार्बरने येणारी पोरं-पोरी. क्यूसीत (क्वालिटी कंट्रोलमध्ये) पहिल्याच आठवड्यात हातात एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याची लेखी पद्धत, पडते आणि तिच्यात एक ओळ असते: 'फॉस्फेट बफर, ०.०५ मोलर, पीएच ७.०, एक लिटर.' पुढे ग्रॅमचे आकडे दिलेले असतात, त्यामुळे काम निभून जातं. पण हे आकडे आले कुठून, असं विचारलं की बहुतेकजण एकमेकांकडे बघतात. बारावीला आयनिक इक्विलिब्रियाचा धडा सगळ्यांनीच केलेला असतो, सूत्रही पाठ असतं. घोडं अडतं ते त्या सूत्रात नेमके कुठले आकडे घालायचे, इथे.

हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. लॉगची भीती असेल तर ती बाजूला ठेवा, लॉग सगळ्यात शेवटी येतो. त्याआधीचं सगळं काम साध्या बेरीज-वजाबाकीचं आहे, आणि चुका होतात त्या तिथेच.

सूत्र एवढंच

बफर म्हणजे एक दुबळं ॲसिड आणि त्याच ॲसिडपासून झालेला बेस, दोन्ही एकाच भांड्यात आणि दोन्ही पुरेशा प्रमाणात. ॲसिटिक ॲसिडचा जोडीदार ॲसिटेट. मोनोबेसिक फॉस्फेटचा जोडीदार डायबेसिक फॉस्फेट. अमोनियम आयनचा जोडीदार अमोनिया. जोडीतल्या दोघांत फरक असतो तो फक्त एका हायड्रोजन आयनचा. बाहेरून ॲसिड पडलं की बेस ते पचवतो, अल्कली पडली की ॲसिड तिला हायड्रोजन देऊन मोकळं होतं, आणि पीएच जागचा फारसा हलत नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि सोडियम क्लोराइड अशी जोडी घेतली तर हे होणार नाही, कारण क्लोराइड आयन पाण्यात हायड्रोजन परत धरतच नाही.

सूत्र असं:

पीएच = पीकेए + लॉग (बेसचे मोल ÷ ॲसिडचे मोल)

पीकेए म्हणजे त्या ॲसिडचा ठरलेला आकडा: बेस आणि ॲसिड समसमान असले की सूत्राने पीएच तेवढाच येतो. याला हेंडरसन-हॅसलबाल्ख समीकरण म्हणतात. हेंडरसन यांनी १९०८ मध्ये ते मांडलं तेव्हा पीएच ही मोजपट्टीच नव्हती. ती सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये आणली, तीही कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. मग हॅसलबाल्ख यांनी रक्ताचा अभ्यास करताना हेंडरसन यांचं समीकरण लॉगमध्ये बसवलं. रक्तात बायकार्बोनेट साधारण २४ मिलिमोल आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.२ मिलिमोल प्रति लिटर. गुणोत्तर २०, लॉग १.३०, आणि शरीराच्या तापमानाला पीकेए ६.१. बेरीज ७.४. डॉक्टर ज्याला नॉर्मल म्हणतात तो आकडा हाच.

लॉगसाठी चार आकडे डोक्यात ठेवा: लॉग २ म्हणजे ०.३०, लॉग ३ म्हणजे ०.४८, लॉग ५ म्हणजे ०.७० आणि लॉग ७ म्हणजे ०.८५. गुणाकार आला की लॉगची बेरीज, भागाकार आला की वजाबाकी. लॉग ६ म्हणजे ०.३० अधिक ०.४८, म्हणजे ०.७८. मोबाइल लॅबबाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो, तेव्हा हे चार आकडे फार कामाला येतात.

पायरी पहिली: जोडी ओळखा, पीकेए लिहा

वहीत सगळ्यात वर जोडी लिहायची. ॲसिड कोण, बेस कोण, पीकेए किती. २५ अंशाला ॲसिटिक ॲसिड ४.७६, अमोनियम ९.२५, ट्रिस (हाही बफरसाठी वापरतात) ८.०६. फॉस्फोरिक ॲसिडला तीन पीकेए आहेत: २.१५, ७.२० आणि साधारण १२.३. सायट्रिकलाही तीन: ३.१३, ४.७६ आणि ६.४०.

तीन पीकेए दिसले की नवखा माणूस गोंधळतो. यावर उपाय सोपा आहे: जो पीएच हवा त्याच्या सगळ्यात जवळचा पीकेए घ्या आणि बाकीचे विसरा. पीएच ७ चा फॉस्फेट बफर हवा असेल तर ७.२० ची जोडी, म्हणजे मोनोबेसिक हे ॲसिड आणि डायबेसिक हा बेस. इथे बऱ्याच जणांना प्रश्न पडतो, 'मॅडम, मोनोबेसिक तर सॉल्ट आहे, ते ॲसिड कसं?' सॉल्ट आहेच, पण त्याच्याकडे द्यायला हायड्रोजन आहे. जोडीत ज्याच्याकडे एक हायड्रोजन जास्त तो ॲसिड. बाटलीवर काय लिहिलंय याच्याशी त्याचा संबंध नाही.

हवा असलेला पीएच आणि पीकेए यांत एकापेक्षा जास्त अंतर असेल तर तिथेच थांबा आणि दुसरी जोडी शोधा. ॲसिटेटने पीएच ७ चा बफर करायला गेलात तर गुणोत्तर १७४ येईल. म्हणजे ॲसिड नावापुरतंच, अल्कलीचे चार थेंब पडले की संपलं.

पायरी दुसरी: मिलिमोल मोजा

मोलॅरिटी म्हणजे एका लिटरमध्ये किती मोल. मिलिलिटर गुणिले मोलॅरिटी म्हणजे मिलिमोल. बस, एवढंच. बऱ्याच जणांना आधी मिश्रणाचं एकूण आकारमान काढून प्रत्येकाची नवी मोलॅरिटी काढायची सवय असते. उत्तर त्यानेही बरोबरच येतं, पण तो वेळ फुकट जातो. दोन्ही घटक एकाच फ्लास्कमध्ये आहेत, दोघांनाही त्याच आकारमानाने भागायचंय, मग गुणोत्तरात ते कटून जातं.

५० मिली ०.२ मोलर ॲसिटिक ॲसिड आणि ३० मिली ०.२ मोलर सोडियम ॲसिटेट मिसळलं. ॲसिड १० मिलिमोल, बेस ६ मिलिमोल. गुणोत्तर ०.६, लॉग उणे ०.२२. पीएच ४.७६ वजा ०.२२, म्हणजे ४.५४. ८० मिली हा आकडा कुठेच लागला नाही.

उत्तर आलं की एकदा नजर टाकायची. ॲसिड जास्त असेल तर पीएच पीकेएच्या खाली हवा, बेस जास्त असेल तर वर. हे उलटं दिसलं तर गुणोत्तर उलटं धरलंय. कॅल्क्युलेटर ही चूक दाखवत नाही.

पायरी तिसरी: आधी रिॲक्शन होऊ द्या

मला विचाराल तर अख्ख्या विषयातली कळीची पायरी हीच. परीक्षेतले निम्मे प्रश्न आणि लॅबमधले बहुतेक बफर यात 'तयार' जोडी नसतेच. दुबळं ॲसिड घेऊन त्यात थोडा सोडियम हायड्रॉक्साइड घालतात, किंवा अमोनियात थोडं हायड्रोक्लोरिक. जोडीदार भांड्यातच तयार होतो.

१०० मिली ०.१ मोलर ॲसिटिक ॲसिडमध्ये ४० मिली ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड घातला. ॲसिड १० मिलिमोल, अल्कली ४ मिलिमोल. आता घाईतला माणूस ४ ला १० ने भागतो, लॉग उणे ०.४० काढतो आणि ४.३६ लिहून मोकळा होतो. उत्तर चूक. कारण ती ४ मिलिमोल अल्कली भांड्यात अल्कली म्हणून उरलेलीच नाही. तिने ४ मिलिमोल ॲसिड खाल्लं आणि त्याचं ४ मिलिमोल ॲसिटेट केलं.

वहीत तीन ओळींचा छोटा तक्ता काढायचा. वरच्या ओळीत सुरुवातीचे आकडे: ॲसिड १०, अल्कली ४, ॲसिटेट ०. मधल्या ओळीत बदल: उणे ४, उणे ४, अधिक ४. खालच्या ओळीत उरलेलं: ॲसिड ६, अल्कली ०, ॲसिटेट ४. सूत्रात जाते ती फक्त खालची ओळ. ४ भागिले ६, लॉग उणे ०.१८, पीएच ४.५८.

या तक्त्याचा खरा उपयोग पुढे आहे. तो तुम्हाला सांगतो की सूत्र वापरायचं की नाही. त्याच ॲसिडमध्ये ४० ऐवजी १०० मिली अल्कली घातली तर खालची ओळ होते ॲसिड ०, अल्कली ०, ॲसिटेट १०. बफर उरलाच नाही. शून्याने भागायला गेलात तर कॅल्क्युलेटर एरर दाखवील आणि त्याचं बरोबरच आहे. इथे ॲसिटेटचं पाण्याबरोबर काय होतं ते बघावं लागतं. पीएच साधारण ८.७ येतो. ११० मिली घातली तर १ मिलिमोल अल्कली शिल्लक राहते, २१० मिलीमध्ये. आता पीएच ठरवणार ती शिल्लक अल्कली: ११.७ च्या आसपास. एकच ॲसिड, एकच अल्कली, पण तीन निरनिराळे हिशेब. कुठला हिशेब करायचा ते खालची ओळ सांगते. ज्याला हा तक्ता काढायचा कंटाळा नाही त्याचे मार्क सीईटीत सहसा जात नाहीत.

तयार बफरमध्ये बाहेरून ॲसिड पडलं तरी रीत तीच. एक लिटर बफर, त्यात ॲसिटिक ॲसिड १०० मिलिमोल आणि ॲसिटेट १०० मिलिमोल. पीएच ४.७६. त्यात १० मिली १ मोलर हायड्रोक्लोरिक घाला. ॲसिटेट ९०, ॲसिड ११०. लॉग उणे ०.०९, पीएच ४.६७. हेच १० मिली साध्या डिस्टिल्ड पाण्यात घातले असते तर पीएच ७ वरून थेट २ वर आला असता.

किती ताण सोसेल हे मात्र एकूण मोलवर ठरतं. ०.०१ मोलर आणि ०.१ मोलर बफरचा पीएच कागदावर सारखाच येईल, पण दुसऱ्याची ताकद दहापट. आणि गुणोत्तर १ वरून १० वर गेलं की ताकद साधारण तिसऱ्या हिश्शावर येते. पीकेएपासून एकापेक्षा लांब जाऊ नका असं वर म्हटलं ते त्यासाठी.

पायरी चौथी: उलटा हिशेब, म्हणजे किती ग्रॅम तोलायचे

लॅबमध्ये पीएच काढायचा नसतो, तो दिलेला असतो. तोलायचं किती हे काढायचं असतं. त्या एसओपीच्या ओळीकडे येऊ: फॉस्फेट, ०.०५ मोलर, पीएच ७.०, एक लिटर.

पुस्तकी रीत अशी. पीएच वजा पीकेए म्हणजे ७.० वजा ७.२०, उणे ०.२०. याचा अँटीलॉग ०.६३. म्हणजे ॲसिडच्या दर एका मोलमागे बेस ०.६३ मोल, एकूण १.६३ भाग. बेसचा वाटा ०.६३ भागिले १.६३, म्हणजे ३९ टक्के, ॲसिडचा ६१ टक्के. एकूण ०.०५ मोलमधून ॲसिड ०.०३०७ आणि बेस ०.०१९३ मोल. पोटॅशियमचं मोनोबेसिक सॉल्ट १३६.०९ या रेणुभाराचं, म्हणजे ४.१७ ग्रॅम. डायबेसिक १७४.१८ चं, म्हणजे ३.३७ ग्रॅम.

आता हे तोला, विरघळवा, मीटर लावा. मीटर ७.० दाखवणार नाही. ६.७ च्या आसपास दाखवील.

नवा माणूस इथे आधी स्वतःच्या तोलण्यावर संशय घेतो, मग मीटरवर, मग पाण्यावर. तिघांचाही दोष नाही. पुरावा तुमच्याच टेबलावर आहे. मीटर कॅलिब्रेट करायला जी ६.८६ ची बाटली रोज उघडता, तिच्यात मोनोबेसिक आणि डायबेसिक फॉस्फेट अगदी समसमान असतात, ०.०२५ आणि ०.०२५. समसमान म्हणजे गुणोत्तर १, लॉग शून्य. सूत्राने तिचा पीएच ७.२० यायला हवा. बाटलीवर लिहिलंय ६.८६, आणि तेच खरं आहे.

हा ०.३४ चा फरक येतो कुठून? ७.२० हा पीकेए अतिशय पातळ द्रावणातला, जिथे आयन एकमेकांच्या वाऱ्यालाही नाहीत. प्रत्यक्ष बफरमध्ये गर्दी असते. डायबेसिक फॉस्फेटवर दोन ऋण भार, त्याच्याभोवती पोटॅशियमचे धन भार गोळा होतात आणि त्याला सावरून धरतात. त्यामुळे मोनोबेसिकला हायड्रोजन सोडून डायबेसिक होणं सोपं जातं, आणि पीकेए खाली उतरल्यासारखा वागतो. भार जितका मोठा तितका हा परिणाम जास्त. ॲसिटेटमध्ये ऋण भार एकच, म्हणून तिथे फरक छोटा: ०.१ आणि ०.१ मोलरच्या ॲसिटेट बफरचा मोजलेला पीएच ४.६५ आहे, सूत्र ४.७६ सांगतं. वरची ॲसिटेटची सगळी उत्तरं परीक्षेसाठी बरोबर आहेत, मीटरवर ती दशांशाने खाली दिसतील.

मग फॉस्फेटचा हिशेब पुन्हा करू, या वेळी पीकेए ६.८६ धरून. ७.० वजा ६.८६, ०.१४. अँटीलॉग १.३८. बेसचा वाटा १.३८ भागिले २.३८, म्हणजे ५८ टक्के. डायबेसिक ०.०२९ मोल, ५.०५ ग्रॅम. मोनोबेसिक ०.०२१ मोल, २.८६ ग्रॅम. पुस्तकी आकड्यांच्या जवळजवळ उलट! आणि हा बफर ७.० च्या खरोखर जवळ येतो.

पडताळा हवा असेल तर अमेरिकन फार्माकोपिया (औषधांच्या दर्जाचा प्रमाणग्रंथ) उघडा. तिथल्या फॉस्फेट बफरच्या तक्त्यात ०.२ मोलर मोनोबेसिकचे ५० मिली घेऊन त्यात ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड घालायला आणि २०० मिलीपर्यंत मेकअप करायला, म्हणजे पाण्याने भरायला, सांगितलंय. पीएच ७.० साठी अल्कली २९.१ मिली. तिसऱ्या पायरीचा तक्ता लावा: मोनोबेसिक १० मिलिमोल, अल्कली ५.८२. उरलं ४.१८ ॲसिड आणि ५.८२ बेस. बेसचा वाटा ५८ टक्के. आपलं उत्तर तेच होतं. ६.८ साठी तक्ता २२.४ मिली सांगतो. तो आकडा स्वतः काढून बघा, साधारण २३ येईल. टॅब्लेटच्या डिसोल्यूशनसाठी (विरघळण्याच्या चाचणीसाठी) हा ६.८ चा बफर बादलीभर लागतो, तेव्हा ही ओळख पुढे कामी येईल.

६.८६ मात्र सगळीकडे चिकटवू नका. तो ०.०५ मोलरच्या आसपासचा आकडा आहे. ०.०१ मोलर बफरला ७.० धरा, ०.१ मोलरला ६.८. यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येईल: बफर पातळ केला की पीएच हलतो. गुणोत्तर बदलत नाही म्हणून पीएच बदलणार नाही, असं सूत्र सांगतं, पण ६.८६ च्या बफरमध्ये तितकंच पाणी घातलं तर तो प्रत्यक्षात ०.०८ ने चढतो. दहापट स्टॉक करून रोज पातळ करणाऱ्यांनी पीएच पातळ केल्यावर बघावा, स्टॉकचा नाही.

तोलताना आणि मेकअप करताना

बाटलीवरचा रेणुभार वाचल्याशिवाय तोलू नका. सोडियम ॲसिटेट दोन रूपांत येतं: पाण्याचे तीन रेणू धरलेलं १३६.०८ चं आणि कोरडं ८२.०३ चं. एक लिटर ०.१ मोलरला पहिलं १३.६ ग्रॅम लागतं, दुसरं ८.२ ग्रॅम. कोरड्याचा आकडा घेऊन पाणीवालं तोललं तर बेस ४० टक्के कमी पडतो आणि पीएच ०.२२ ने खाली येतो. सोडियमच्या डायबेसिक फॉस्फेटचे तर तीन-तीन प्रकार कपाटात असतात. मागच्या शिफ्टने कुठली बाटली वापरली ते लॉगबुकात बघायचं, आणि आपण वापरली ती लिहायची, लॉट नंबरासकट.

आपल्याकडचा पावसाळा हा वेगळाच त्रास. जुलैत खाडीकडून येणाऱ्या दमट हवेत डायपोटॅशियम फॉस्फेटची बरणी झाकण सैल राहिलं तरी पाणी ओढते, खडे एकमेकांना चिकटतात. त्यातला प्रत्येक ग्रॅम मग पूर्ण ग्रॅम नसतो. सोडियम हायड्रॉक्साइडचे पेलेट तर वॉच ग्लासवर तोलता तोलता ओले होतात. त्यामुळे पेलेट तोलून मोलॅरिटी धरायची नाही. द्रावण करून स्टॅंडर्डाइज करायचं, म्हणजे त्याची नेमकी मोलॅरिटी काढायची, आणि मग मोजून घालायचं.

पाणी आधी पूर्ण भरायचं नाही. ८० ते ९० टक्के पाण्यात विरघळवा, पीएच बघा, लागला तर थेंबाथेंबाने ॲडजस्ट करा, मग मार्कपर्यंत भरा. हिशेब नीट असेल तर थेंब चार-पाचच लागतात. खूप लागत असतील तर ॲडजस्ट करत बसू नका. तोलण्यात किंवा हिशेबात चूक आहे, ती शोधा. पीएच पुढे गेला म्हणून उलटं ॲसिड घालून मागे आणणं मला मुळीच पसंत नाही. मीटरवर आकडा बरोबर दिसतो, पण बफरमध्ये जास्तीचं सॉल्ट जातं, आणि एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) पीक सरकला की कारण कुणालाच सापडत नाही. तसं झालं तर ओता आणि नवा करा. मोबाइल फेज (एचपीएलसीतून वाहणारं द्रावण) असेल तर पीएच मिथेनॉल किंवा ॲसिटोनायट्राइल घालण्याआधीच बघायचा.

मीटर कॅलिब्रेट करताना आपला पीएच दोन बफरांच्या मधे यायला हवा. ७.० बघायचाय तर ४.०१ आणि ९.१८ किंवा ६.८६ आणि ९.१८. फक्त एका बाटलीवर भागवणाऱ्याच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

जिथे सूत्र गंडतं

पहिली जागा तापमानाची. फॉस्फेट आणि ॲसिटेट याबाबत गरीब आहेत, फार हलत नाहीत. ट्रिस मात्र नखरेल. दर अंशामागे त्याचा पीकेए ०.०२८ ने उतरतो. मे महिन्यात एसी बंद पडलाय, खोलीत ३२ अंश आहेत, आणि तुम्ही ट्रिस ८.० ला ॲडजस्ट केला. तीच बाटली ४ अंशाच्या फ्रीजमध्ये गेली की २८ अंशांचा फरक, म्हणजे पीएच ८.८ च्या जवळ. मीटरवरचं एटीसी (ऑटोमॅटिक टेंपरेचर कॉम्पेन्सेशन) बटण हे भरून काढत नाही. ते फक्त इलेक्ट्रोडचा हिशेब दुरुस्त करतं, बफरचा नाही. ज्या तापमानाला वापरायचाय त्याच तापमानाला ॲडजस्ट करा.

दुसरी जागा २ ते ३ पीएचची. एचपीएलसीत ०.०२ मोलर मोनोबेसिक घेऊन ऑर्थोफॉस्फोरिकने पीएच २.५ करायची पद्धत सगळीकडे आहे. सूत्राने किती ऑर्थो लागेल ते काढा आणि प्रत्यक्ष घालून बघा. साधारण दीडपट लागतं. कारण पीएच २.५ ला मोकळे हायड्रोजन आयनच ०.००३ मोलर असतात आणि ते ऑर्थोच्याच खिशातून जातात. सूत्र त्यांना हिशेबात धरत नाही. पीएच ४ ते १० च्या मधे, आणि बफर अगदी पातळ नसेल तर, हे धरायची गरजही नसते.

गडबड होईल असं वाटतं पण होत नाही, असंही एक उदाहरण. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचा हार्डनेस ईडीटीएने काढताना अमोनियाचा पीएच १० चा बफर लागतो. रूढ कृती अशी: १७.५ ग्रॅम अमोनियम क्लोराइड, १४२ मिली लिकर अमोनिया, २५० मिलीपर्यंत पाणी. इतकं दाट द्रावण, सूत्र कसं चालेल? करून बघा. क्लोराइड १७.५ भागिले ५३.४९, ०.३२७ मोल. २५ टक्क्यांचा अमोनिया साधारण १३.४ मोलर, म्हणजे १.९० मोल. गुणोत्तर ५.८, लॉग ०.७६, पीएच १०.०१. अमोनियावर भारच नसल्याने इथे गणित फारसं बिघडत नाही. ही बाटली फ्यूम हूडमध्येच उघडा, हिशेब बरोबर आला म्हणून वास कमी होत नाही.

हात बसावा म्हणून दोन गणितं देतो. २०० मिली ०.१ मोलर अमोनियात ५० मिली ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक घातलं, पीएच किती? आणि २५ मिली ०.२ मोलर सोडियम ॲसिटेटमध्ये ३० मिली ०.२ मोलर हायड्रोक्लोरिक घातलं तर? पहिल्याचं उत्तर ९.७३. दुसऱ्याचं ४ च्या आसपास आलं असेल तर तक्त्याची खालची ओळ पुन्हा बघा: ॲसिटेट शून्य आहे आणि १ मिलिमोल हायड्रोक्लोरिक ५५ मिलीमध्ये मोकळं फिरतंय. पीएच १.७४.